खाऱ्या वाऱ्याने डोळे पुन्हा पुन्हा लाल होतात? आधी वेळ बघा, मग थेंब घाला

तक्रार साधारण अशी असते. दिवस होडीवर, रापणीवर, आंब्याच्या बागेत किंवा दुचाकीवर गेला की संध्याकाळी डोळे लालभडक. आत वाळू असल्यासारखं खुपतं, आग होते, मधूनच घळाघळा पाणी येतं. मेडिकलमधून थेंबांची बाटली आणली की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे. मग दुसरी बाटली. असं करता करता कपाटात तीन-चार अर्धवट बाटल्या जमतात आणि डोळे आहेत तसेच राहतात.

डोळा लाल व्हायची कारणं बरीच आहेत आणि काहींचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत. कुठे गरम शेक लागतो, तर कुठे गार पट्टी. त्यामुळे बाटली निवडण्याआधी कारण निवडावं लागतं, आणि त्यासाठी सगळ्यात सोपी खूण म्हणजे डोळे लाल होण्याची वेळ.

आधी हे नाही ना, ते पाहा

पुढचं सगळं वारा, ऊन, धूळ यांनी होणाऱ्या किरकोळ पण चिवट त्रासाबद्दल आहे. खालचं काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

नजर धूसर झाली आहे आणि पापणी मिटून उघडली तरी साफ होत नाही. खोलवर ठणका आहे. उजेड अजिबात सहन होत नाही. बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, सोबत डोकं फुटतंय आणि उलटी होते. कॉन्टॅक्ट लेन्स घालता आणि डोळा लाल होऊन दुखतोय. चिऱ्याचा दगड तासताना, छिन्नी-हातोडा किंवा ग्राइंडर चालवताना काही उडून डोळ्यात गेलंय. डोळ्याचं ऑपरेशन अलीकडेच झालंय.

भात झोडताना किंवा गवत कापताना तूस, कुसळ किंवा पात्याचं टोक डोळ्याला लागलं असेल तर तेही याच यादीत धरा. वनस्पतीच्या ओरखड्यातून बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते. ती पहिल्या दिवशी क्षुल्लक वाटते, आठवड्याने चिघळते आणि बरी झाली तरी मागे फूल, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, ठेवून जाते. अशा डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब गेले तर बुरशीला रान मोकळं मिळतं.

एक दिलासाही इथेच देऊन टाकू. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एका जागी रक्ताचा लालबुंद डाग, पण दुखत नाही, खुपत नाही, नजर ठीक आहे, असं असेल तर बहुतेक वेळा वरच्या पातळ पडद्याखाली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. खोकला, जोराची शिंक, जड टोपली उचलताना लावलेला जोर, एवढं कारण पुरतं. एक-दोन आठवड्यांत डाग आपोआप जातो. बीपी तेवढं मोजून घ्या. मार लागल्यावर असा डाग आला असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर मात्र दाखवावं.

लाली कधी येते?

*सकाळी उठल्याउठल्या जास्त, मग दिवसभरात कमी.* दोष समुद्राला देऊ नका, छताकडे बघा. कोकणातल्या उकाड्यात पंखा रात्रभर पाचवर असतो आणि बऱ्याच जणांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत, खाली बारीक फट राहते. त्या फटीतून सहा-सात तास वारा लागला की सकाळी डोळे उघडताना पापणी चिकटल्यासारखी वाटते, आणि लाली बुबुळाच्या खालच्या बाजूला जास्त असते. घरातल्या कुणाला तरी, तुम्ही गाढ झोपेत असताना, बाजूने मंद बॅटरी मारून पापण्यांची फट बघायला सांगा. सकाळच्या त्रासाचं दुसरं कारण पापणीच्या कडेचं आहे. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण दिसत असतील तर ते. त्याबद्दल पुढे.

*सकाळी ठीक, दुपारनंतर वाढत जाऊन संध्याकाळी कळस.* हा खरा वाऱ्या-उन्हाचा त्रास. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून येतो आणि सहसा सौम्य असतो. ऊन तापलं की वारा उलटतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, तो दुपारी जोर धरतो. संध्याकाळी परतणाऱ्या होडीवर तोंडावर उडणारे तुषार आणि पाण्यावरची तिरीप, दोन्हींचा मारा एकत्र बसतो.

*ठराविक कामाच्या दिवशीच.* भाजावळीचा धूर, चुलीचा धूर, काजूच्या बिया भाजताना टरफलाच्या तेलाचा झोंबणारा वाफारा, चिरेखाणीची आणि रस्त्याच्या कामाची तांबडी धूळ, बागेतली फवारणी. काम बंद तर त्रास बंद, इतकं सरळ असतं. थेंबांपेक्षा वाऱ्याची दिशा बघून उभं राहण्याने जास्त फरक पडतो: धूर किंवा फवारा पाठीकडून पुढे गेला पाहिजे.

*खाज मुख्य, आग कमी.* ही ॲलर्जी. नाकाकडचा कोपरा जास्त खाजतो, पांढरी तारेसारखी चिपडं येतात, शिंकाही सोबतीला असतात.

*एकच डोळा.* वारा दोन्ही डोळ्यांना सारखा लागतो. एकच डोळा लाल असेल तर आत काही अडकलंय का, पापणीचा केस आत वळलाय का, की जंतुसंसर्ग आहे, हे आधी बघायचं. एका डोळ्याने सुरू होऊन दोन-तीन दिवसांत दुसऱ्यात गेलं, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटल्या आणि घरात आणखी कुणाचे डोळे आलेत, तर ती साथ. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर आली होती तशी. तेव्हा टॉवेल, उशीचा अभ्रा आणि थेंबांची बाटली वेगळी ठेवायची, हात सतत धुवायचे. या लेखातले वाऱ्याचे उपाय त्यावर चालत नाहीत.

हवा इतकी दमट, मग डोळा कोरडा कसा?

हा प्रश्न रास्त आहे, कारण कोरडे डोळे म्हटलं की वाळवंट डोळ्यासमोर येतं. पण बुबुळावरचं पाणी किती टिकतं हे हवेच्या दमटपणापेक्षा दोन गोष्टींवर जास्त ठरतं: डोळ्यावरून वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग आणि अश्रूंवरचा तेलाचा थर.

बुबुळावर अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो. तळाशी चिकटून राहणारा बुळबुळीत भाग, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेल. माशाच्या कालवणावर तवंग येतो तसं हे तेल पाण्यावर पसरतं आणि त्याची वाफ होऊ देत नाही. ते येतं पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून; वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. आरशात पापणीच्या कडेवर, केसांच्या रांगेच्या आतल्या बाजूला, त्यांची तोंडं बारीक ठिपक्यांसारखी दिसतात. प्रत्येक उघडझापीला पापणी थोडं तेल पिळून नवा थर ओढते.

आता वाऱ्यावर काय होतं? गप्पा मारत बसलेला माणूस मिनिटाला पंधराच्या आसपास वेळा पापणी मिटतो. दुचाकीवर रस्त्यावर नजर लावलेली असताना, जाळ्याचे आस शिवताना किंवा मोबाइलवर बोटं चालवताना हे प्रमाण निम्म्यावर येतं आणि पापणी मिटते तीही अर्धवट. थर जागोजागी फाटतो, बुबुळाची उघडी पडलेली मज्जातंतूंची टोकं ओरडतात आणि मेंदू अश्रूंचा नळ सोडतो. हे घाईघाईचं पाणी पातळ असतं, त्यात तेल कमी. गालावरून ओघळून जातं आणि डोळा पुन्हा उघडा. ‘माझ्या डोळ्यांतून तर पाणी येतं, कोरडे कसे असतील?’ याचं उत्तर हेच.

त्यात समुद्राचं पाणी. अश्रूंत क्षार साधारण ०.९ टक्के, समुद्राच्या पाण्यात ३.५ टक्क्यांच्या आसपास. तुषार डोळ्यात गेला की तो बुबुळाच्या वरच्या पेशींतलं पाणी ओढून घेतो. पापण्यांच्या केसांवर वाळलेलं मीठ घामाबरोबर पुन्हा डोळ्यात उतरतं, म्हणून घरी पोचल्यावरही तासभर आग राहते.

घरी करायची एक ढोबळ चाचणी: पंखा बंद करा, दोन वेळा पापण्या नीट मिटा, मग डोळे उघडे ठेवून सेकंद मोजा. चुरचुर किंवा धूसरपणा दहा सेकंदांच्या आत सुरू झाला तर थर लवकर फाटतोय असं समजा. पाचच्या आत असेल तर एकदा डोळे तपासून घ्यावेत.

पहिलं काम: वारा अडवणं

थेंबांवर खर्च करण्याआधी पैसे इथे घाला. बाजारातला मोठ्या काचांचा फॅशनचा गॉगल ऊन अडवतो, वारा नाही; वरून आणि बाजूने शिरलेला वारा काचेच्या आत घुमतो. परीक्षा सोपी आहे. गॉगल घाला, टेबलफॅन फुल करून त्याच्यासमोर दोन हात अंतरावर उभे राहा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. पापण्यांच्या केसांना झुळूक लागली तर तो गॉगल होडीवर किंवा गाडीवर निकामी. कपाळ आणि गालाला लगटून बसणारा, कानाकडे वळलेला, शक्यतो आतून फोमची कड असलेला घ्या. वाफ धरू नये म्हणून फोममध्ये बारीक छिद्रं हवीत.

मळणी, बागकाम आणि खाणीसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी चष्मा उत्तम. काच पारदर्शक असली तरी पॉलिकार्बोनेट मुळातच अतिनील किरण अडवतं. नंबरचा चष्मा असेल तर त्यावरून घालायचे मोठे सेफ्टी चष्मेही मिळतात.

अतिनील किरणांबद्दल तीन गैरसमज फार पसरलेत. काळी काच म्हणजे संरक्षण नव्हे. यूव्ही, म्हणजे अतिनील किरण, न अडवणाऱ्या गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि उलट जास्त किरण आत जातात. पोलराइज्ड म्हणजेही यूव्ही संरक्षण नव्हे. पोलराइज्ड काच पाण्यावरची तिरीप कापते, डोळे बारीक करावे लागत नाहीत, तेव्हा होडी हाकणाऱ्या तांडेलाला ती जरूर उपयोगी, पण सोबत ‘यूव्ही ४००’ (काच अतिनील किरण अडवते याची खूण) असायलाच हवं. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत ते तपासायचं छोटं यंत्र असतं, मागितलं तर मिनिटभरात दाखवतात. आणि टोपी घातली की झालं, हेही खरं नाही. टोपी वरचं ऊन अडवते, पण कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो. ते खालून येतात. शिरोड्याच्या किंवा उरण-पेणच्या मिठागरांतल्या पांढऱ्या राशींवर काम करणाऱ्यांना हा खालचा झोत चांगलाच माहीत असतो. रुंद कडेची टोपी आणि बाजूने बंद गॉगल, दोन्ही लागतात.

दिवसभर पाण्यावर उघड्या डोळ्यांनी राहिल्यावर सहा ते बारा तासांनी, म्हणजे मध्यरात्रीच्या सुमाराला, दोन्ही डोळ्यांत तीव्र आग, पाणी आणि उजेड नकोसा होणं हा बुबुळाचा सनबर्न असू शकतो. वेल्डिंग विनाकाच बघणाऱ्यांना होतं तेच. गार पट्ट्या, अंधार, संरक्षकविरहित (औषध टिकवणारं रसायन नसलेले) कृत्रिम अश्रू, म्हणजे डोळा ओला ठेवणारे साधे थेंब, आणि पोटात घ्यायची दुखण्याची साधी गोळी, एवढ्यावर एक-दोन दिवसांत उतरतं. डोळा बधिर करणारे थेंब घरी वापरायचे नाहीत, कुणी कितीही आग्रह केला तरी. त्यांनी बुबुळाची जखम भरत नाही.

दुचाकीवर अर्ध्या हेल्मेटपेक्षा पूर्ण चेहऱ्याचं घ्या. काच पूर्ण खाली. एक बोटभर उघडी ठेवली की तेवढ्याच फटीतून वाऱ्याची धार नेमकी डोळ्यावर येते. त्यापेक्षा पूर्ण उघडी काच आणि आत बंद चष्मा बरा. एसटीत किंवा रेल्वेत खिडकीशी बसत असाल तर वाऱ्याकडे पाठ करणारी बाजू निवडा.

गॉगल काढल्यावर त्यावरचे वाळलेले मिठाचे कण कोरड्या रुमालाने पुसू नका. मीठ घासलं जाऊन काचेवर बारीक ओरखडे पडतात आणि दोन महिन्यांत त्यातून सगळं धुरकट दिसायला लागतं. आधी गोड्या पाण्याखाली धरा, मीठ विरघळू दे, मग मऊ कापडाने टिपा.

किनाऱ्यावर आल्यावर पाच मिनिटं

आधी हात साबणाने धुवा. मासळीचा वास, जाळ्यात आलेल्या जेलीफिशचा चीक, आमिष, डिझेल, हे सगळं बोटांवरूनच डोळ्यात जातं. मग डोळे मिटून, स्वच्छ गोड्या पाण्याने कपाळ, भुवया आणि पापण्या वरून खाली धुवा. ओल्या कापसाने पापण्यांच्या केसांच्या मुळावरून नाकाकडून कानाकडे हलका हात फिरवा; प्रत्येक डोळ्याला कापूस वेगळा. त्यानंतर कृत्रिम अश्रूंचा एक थेंब.

विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याचे हबके उघड्या डोळ्यांवर मारायची सवय मोडलेली बरी. साध्या पाण्याने उरलासुरला अश्रूंचा थर वाहून जातो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना तर हे पाणी धोक्याचंच, कारण त्यातला अकांथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकून बुबुळाला भयंकर जखम करू शकतो. तारकर्ली-मालवणला स्नॉर्केलिंग, स्कूबा करायला येणाऱ्यांनी लेन्स काढूनच पाण्यात उतरावं. घरी मीठ-पाणी करून डोळे धुणंही नको. प्रमाण चुकतं आणि पाणी निर्जंतुक नसतं.

कृत्रिम अश्रू: कुठले, किती, कसे

कोरडेपणासाठी सुरुवातीला ०.५ टक्के कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज पुरतं. वाऱ्यात दिवस काढणाऱ्यांना ०.१ टक्के सोडियम हायलुरोनेट जास्त वेळ टिकल्यासारखं वाटतं. पापण्यांचं तेल कमी असेल तर तेलयुक्त थेंब विचारा. नाव काहीही असो, बाटलीवर संरक्षक कोणता ते वाचा. ‘बेंझाल्कोनियम क्लोराइड’ असेल तर ते थेंब दिवसाला चारपेक्षा जास्त वेळा नकोत; तो पदार्थ जंतूंबरोबर बुबुळाच्या वरच्या पेशींनाही त्रास देतो आणि थेंब घालूनच डोळे लाल राहायला लागतात. जास्त वेळा घालायची गरज असेल तर संरक्षकविरहित थेंब घ्या. एकेरी कुपी उघडली की त्याच दिवशी संपवायची किंवा टाकायची.

बाहेर पडण्याआधी एक थेंब, मग तीन-चार तासांनी एक. आग सुरू होईपर्यंत थांबू नका. थर फाटण्याआधी घातलेला थेंब जास्त कामाचा. डोळ्यात एका वेळी फारतर ३० मायक्रोलीटर द्रव मावतो आणि बाटलीचा एक थेंबच बहुधा त्याहून मोठा असतो. तेव्हा दोन-तीन थेंब ओतणं म्हणजे गालाला औषध लावणं.

घालताना खालची पापणी ओढून खाच करा, वर बघा, बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना न लावता एक थेंब सोडा. डोळे हलके मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा. लगेच फडफड केली की थेंब नाकात उतरतो. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या; जेल किंवा मलम सगळ्यात शेवटी. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास संरक्षक असलेले थेंब घालण्याआधी लेन्स काढा आणि पंधरा मिनिटांनी परत घाला.

बाटली उघडली त्या दिवशी झाकणावर किंवा लेबलवर पेनाने तारीख लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून महिन्याभरात टाकायच्या असतात, त्यावर छापलेली मुदत न उघडलेल्या बाटलीची असते. गाडीच्या डिकीत, होडीच्या केबिनमध्ये इंजिनाशेजारी किंवा उन्हात ठेवलेली बाटली तापते. ती वापरू नका.

पंखा हेच कारण निघालं तर झोपण्यापूर्वी जाडसर जेल किंवा वंगण मलम, तांदळाच्या दाण्याएवढं, खालच्या पापणीच्या खाचेत. नजर थोडा वेळ धूसर होते म्हणून अंथरुणावर पडल्यावरच घालायचं. पंखा पायांकडे वळवा, डोकं पात्याच्या सरळ खाली ठेवू नका. फट मोठी असेल तर डॉक्टर पापणीवर लावायची पट्टी सुचवतात.

एवढं करून दोन ते चार आठवडे द्या. दोन दिवसांत निकाल लावला तर पुन्हा नवी बाटली घ्यायची पाळी येते.

ज्या बाटल्यांनी त्रास परत परत येतो

एक, लाली उडवणाऱ्या. त्यात नॅफाझोलिन किंवा टेट्राहायड्रोझोलिन असतं. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं, डोळा पाच मिनिटांत पांढराशुभ्र दिसतो, आणि काही तासांनी असर उतरला की वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब. ‘पुन्हा पुन्हा लाल’ होणाऱ्या डोळ्यांत ही गाठ बऱ्याचदा सापडते. लग्नाच्या फोटोसाठी एखाद्या वेळी ठीक. तीन दिवसांपलीकडे नको, आणि काचबिंदू, वाढलेलं बीपी किंवा लहान मूल असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नको. सवय लागलेली असेल तर बंद केल्यावर काही दिवस डोळे जास्त लाल दिसतील. तेवढे दिवस साधे कृत्रिम अश्रू घालत काढावे लागतात.

दोन, स्टेरॉइडच्या. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल दिसलं की ती बाटली चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, आणि जुन्या चिठ्ठीवर तर नाहीच. यांतल्या बऱ्याच बाटल्यांत जोडीला अँटिबायोटिक असतं, त्यामुळे ‘इन्फेक्शनचं औषध’ म्हणून ती शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरते. फार लवकर बरं वाटतं हीच तिची अडचण. आठवडे-महिने चालू राहिली तर डोळ्यातला दाब न दुखता वाढतो. त्यातून होणाऱ्या काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतिबिंदूही लवकर धरतो.

गुलाबपाणी, मध, एरंडेल, आईचं दूध, तूप, लिंबाचा थेंब, यांतलं काहीही डोळ्यात नको. यांतलं एकही निर्जंतुक नसतं आणि मध-लिंबू तर आधीच सोललेल्या बुबुळाला झोंबतात. काजळ पापणीच्या कडेला बसून तेलाच्या ग्रंथींची तोंडं बंद करतं, शिवाय काही काजळांत शिसंही सापडतं.

पापणीची कड: जिथे बहुतेकांचं लक्ष जात नाही

रांजणवाडी वारंवार येते, पापणीची कड लालसर आणि जाड आहे, केसांच्या मुळाशी कोंडा आहे, तर तेलाच्या ग्रंथी तुंबल्या आहेत. नुसत्या थेंबांनी अशा डोळ्यांचं भागत नाही.

स्वच्छ सुती कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळा (मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, चटका बसता कामा नये) आणि मिटलेल्या पापण्यांवर ठेवा. कापड दोन मिनिटांत गार होतं, म्हणून पुन्हा बुडवून पिळत एकूण आठ-दहा मिनिटं. नंतर लगेच, तेल पातळ आहे तोवर, बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर अशी कडेकडे हलकी दाबत न्या. डोळ्याच्या गोळ्यावर जोर नको. शेवटी कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून त्यात भिजवलेल्या कापसाने कड पुसा आणि स्वच्छ पाण्याने धुवून टाका. दिवसातून दोनदा, निदान महिनाभर. फरक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागतो, आणि नेमकं त्याच्या आधी लोक सोडून देतात.

पापणी पूर्ण मिटायचा सरावही इथेच जोडून घ्या: दोन सेकंद मिटून ठेवा, उघडा, परत मिटून दोन सेकंद हलकं आवळा. जाळं विणताना किंवा मोबाइल बघताना दर वीस मिनिटांनी पाच-सहा वेळा.

ओमेगा-३ च्या कॅप्सूल यासाठी सर्रास खपतात. २०१८ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रीम’ नावाच्या मोठ्या अभ्यासात रोज ३००० मिलिग्रॅम वर्षभर देऊनही ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. बांगडा, तारली ताटात आहेतच, त्या खाव्या. कॅप्सूलचे पैसे चांगल्या गॉगलला लावावे.

खाज असेल तर

उलटा नियम: गरम नाही, गार. फ्रिजमधल्या पाण्याची पट्टी पाच-दहा मिनिटं, बाहेरून आल्यावर तोंड आणि केस धुणं, उशीचे अभ्रे वरचेवर बदलणं. थेंबांत ओलोपाटाडिन ०.१ टक्के दिवसातून दोनदा चालतं, तेही एकदा विचारून. सर्दी-खाजेच्या गोळ्या, उदाहरणार्थ सेटिरिझिन, खाज कमी करतात पण डोळे कोरडे करतात, हे ध्यानात असू द्या.

चोळू नका, असं सांगणं सोपं आहे. मुलं मुठींनी चोळतात. सतत चोळल्याने बुबुळ पातळ होऊन पुढे टोकदार होत जाऊ शकतं आणि चष्म्याचा नंबर भराभर बदलतो. दर उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलाला नेत्रतज्ज्ञांना दाखवाच.

काही आत गेलं तर

वाळू किंवा धुळीचा कण असेल तर वरची पापणी केसांना धरून खालच्या पापणीवर ओढा आणि सोडा. खालचे केस झाडूचं काम करतात. निर्जंतुक सलाइन किंवा स्वच्छ पाण्याची धार सोडा. कण पांढऱ्या भागावर दिसत असेल तर ओल्या कापसाच्या टोकाने उचलता येतो. बुबुळावर असेल तर हात लावायचा नाही. प्रत्येक उघडझापीला ओरखडा जाणवत राहिला तर कण वरच्या पापणीच्या आत चिकटलाय. ती उलटवून काढावी लागते.

चुना, सिमेंट, फवारणीचं औषध यांत मात्र पाणी कुठलं ते बघत बसू नका. जवळ असेल ते स्वच्छ पाणी, लगेच, सलग २० ते ३० मिनिटं. डोकं बाजूला कलवून, लागलेला डोळा खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी दुसऱ्यात जाणार नाही. पापण्यांच्या खाचेतले चुन्याचे कण ओल्या कापसाने काढा, नाहीतर ते आत जाळत राहतात. लिंबू, व्हिनेगर घालून चुना ‘मारायला’ जाऊ नका. धुणं आधी, दवाखाना नंतर, आणि जाताना औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलांच्या हाताला लागू देऊ नका. दाबली की सरळ डोळ्यात उडते.

डॉक्टरांकडे जाताना, आणि वडस

महिनाभर वारा अडवून, थेंब घालून, शेक देऊनही फरक नसेल तर तपासून घ्या. तोंडही कोरडं पडतं, सांधे दुखतात, थायरॉइड आहे, रजोनिवृत्ती झालीय, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, यांतलं जे असेल ते सांगा. कोरडेपणाचं मूळ तिथे असू शकतं. वापरलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरं. डॉक्टर खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवून ती किती मिलिमीटर भिजते ते मोजतात. दहाच्या वर ठीक, पाचच्या आत म्हणजे पाणीच कमी. म्हणून तपासणीआधी दोन तास कुठलेही थेंब घालू नका.

वर्षानुवर्षं उन्हा-वाऱ्यात काम करणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाकडून बुबुळाकडे सरकणारा मांसल तिकोनी पडदा दिसतो, तो वडस. कोरडेपणा आणि लाली त्याच्यामुळेही टिकून राहते, कारण उंचवट्यावरून पापणी नीट सरकत नाही आणि शेजारी कोरडा पट्टा उरतो. थेंबांनी वडस विरघळत नाही. ‘वडस कापणारे थेंब’ म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. लहान, स्थिर आणि न दुखणारा असेल तर गॉगल, कृत्रिम अश्रू आणि वर्षातून एकदा मोजमाप एवढं पुरतं. बाहुलीकडे सरकतोय, नंबर तिरपा होतोय किंवा सतत लाल राहतोय, तर ऑपरेशन. ते करताना डॉक्टरांना विचारा की काढलेल्या जागेवर स्वतःच्याच डोळ्याच्या पडद्याचा तुकडा बसवणार का. नुसता खरवडून काढलेला वडस परत यायचं प्रमाण बरंच जास्त असतं, तरुणांत तर विशेष. नंतरचे काही आठवडे धूळ, ऊन आणि खारं पाणी वर्ज्य असतं, म्हणून होडीवर जाणाऱ्यांनी तारीख १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीच्या सुरुवातीला घ्यावी. नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात उतरताना बंद कडेचा गॉगल डोळ्यावर असू दे. नाहीतर वडस पुन्हा यायला वेळ लागत नाही.